लिसनिंग लीडर लोटू मास्तर

सुरतेजवळ पांडेसऱ्यातल्या एका लूमच्या कारखान्यात लोटू दगा पाटील एकोणतीस वर्षं कामाला होता, आणि त्यातली शेवटची सहा वर्षं तो ठार बहिरा होता. ही गोष्ट जगात दोनच माणसांना ठाऊक होती, एक लोटू स्वतः आणि दुसरी त्याची बायको सुंदरा. सुंदरालाही ती जरा उशिराच कळली. गोडादऱ्याच्या त्यांच्या दोन खोल्यांत भांडण निघालं की नवरा उलटून बोलेनासा झाला, तेव्हा आधी तिला वाटलं, देव पावला, माणूस सुधारला. पंधरा दिवस तिने त्या सुधारणेचं सुख घेतलं. मग शंका येऊन एके सकाळी तिने त्याच्या पाठीमागे पितळी परात फरशीवर आपटली. शेजारची तीन बिऱ्हाडं धावत आली आणि लोटू शांतपणे दाढी करत राहिला. सुंदरा त्या दिवशी खूप रडली. शेजारणींना मात्र तिने परात हातातून निसटली असंच सांगितलं.

घरात तिसरा होता चेतन, त्यांचा मुलगा. बाप आपलं ऐकत नाही एवढं त्याला कळलं होतं, पण तसं तर त्याच्या सगळ्याच मित्रांना आपापल्या बापाबद्दल वाटत होतं. त्यामुळे त्याने जास्त विचार केला नाही.

बहिरा माणूस लूमवर मास्तरकी कशी करील, असं कोणी विचारेल. विचारणाऱ्याने शेडमध्ये कधी पाऊल टाकलेलं नाही, एवढंच त्यावरून कळतं. एका पत्र्याखाली शहाण्णव लूम एका वेळी खडखडतात, धोटा या टोकाचा त्या टोकाला आपटत असतो, आणि शेजारी उभ्या माणसाने बोंब मारली तरी त्याचं नुसतं तोंड उघडलेलं दिसतं. म्हणून तिथला सगळा कारभार हातांनी आणि ओठांनी चालतो. दोन बोटं कात्रीसारखी हलवली म्हणजे तार तुटली, मनगट गोल फिरवलं म्हणजे सुताची बीम संपत आली, हनुवटीला अंगठा लावला म्हणजे शेठ जिना उतरतोय. बाकीचं बोलणं तोंड मोठं करून, आवाज न काढता. लोटू तर चार ओळी पलीकडच्या माणसाचे ओठ बघून त्याने दुपारी काय खाल्लं आणि ते कोणाच्या डब्यातलं होतं, हे सांगायचा. शेडमध्ये सगळेच बहिरे, त्यामुळे तिथे त्याचं काही अडत नसे.

अडायचं ते मशीनच्या बाबतीत. मास्तर म्हणजे लूमचा वैद्य. एवढ्या गोंगाटात एका मशीनचा सूर बिघडला तरी तो त्याला कळला पाहिजे. कान गेल्यावर लोटूने तळपाय कामाला लावले. चप्पल काढून ओळीतून चालायचं, फरशीची थरथर पायाला वेगळी लागली की थांबायचं, लूमच्या चौकटीवर तळहात ठेवायचा, की रोग सापडलाच. अनवाणी मास्तर बघून लोकांनी परस्पर ठरवून टाकलं, की त्याने सप्तशृंगीला नवस बोललाय. लोटूनेही नाही म्हटलं नाही. एकदोघं तर त्याच्या देखादेखी अनवाणी फिरू लागले आणि खिळे टोचून बेजार झाले.

एवढं सोंग कशासाठी, तर सुकदेव मास्तरचं काय झालं ते लोटूने डोळ्यांनी पाहिलं होतं. सुकदेव हा लोटूच्या आधीचा मास्तर. आपले कान गेले हे त्याने भोळेपणाने मोठ्या शेठना सांगितलं. शेठनी दयाबुद्धीने त्याला गेटवर स्टुलावर बसवलं. गेटवर त्याला ट्रकचा हॉर्न ऐकू येईना म्हणून मागच्या गोदामाशी बसवलं. गोदामात चोर शिरले ते त्याला ऐकू आले नाहीत म्हणून शेवटी घरी बसवलं. जो माणूस फरशीवर नुसता उभा राहिला तर शहाण्णव मशीन वचकून चालत, तो अमळनेरला भावाच्या ओट्यावर माश्या हाकत बसला. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे लोटू तेव्हाच शिकला.

अशी झाकली मूठ घेऊन तो सुखाने निवृत्तही झाला असता. पण कारखान्यात नेतृत्व आलं.

मोठे शेठ थकले आणि त्यांचा मुलगा नैमिषभाई गादीवर बसला. पोरगा मनाने चांगला होता, फक्त अमदावादेत जरा जास्त शिकला होता. परदेशातल्या एका गिऱ्हाइकाने त्याला एक लांबलचक फॉर्म पाठवला. त्यात प्रश्न होता, की तुमच्या कामगारांच्या प्रमुखांना नेतृत्व आणि संवादकौशल्याचं प्रशिक्षण दिलं आहे का? खाली 'हो' आणि 'नाही' असे दोन चौकोन. नैमिषभाईला 'नाही'वर खूण करवेना, आणि 'हो'वर खोटी खूण करण्याएवढा तो अजून धंद्यात मुरला नव्हता. त्याने उधन्याच्या एका हॉटेलचा एसी हॉल तीन दिवसांसाठी घेतला. प्रमुख कोण यावरून मारामारी नको म्हणून दोन्ही पाळ्यांची मिळून बेचाळीसच्या बेचाळीस माणसं प्रमुख ठरवली आणि टेम्पोत घालून तिथे नेली. सहा महिन्यांपूर्वी लूमवर लागलेला चेतनही त्यात प्रमुख झाला.

हॉलमध्ये पाय ठेवताच लोटू दारातच थबकला. तिथे शांतता होती. ती त्याला ऐकू आली नाही, पण दिसली. शेडमध्ये खिडकीएवढी उघडणारी तोंडं एसीत येताच शिष्टाचाराने फटीएवढी झाली होती. शिकवायला आलेल्या प्रियांका मॅडम तर माइक ओठांना लावूनच बोलत होत्या, त्यामुळे त्यांचे ओठ तीन दिवसांत एकदाही दिसले नाहीत. लोटूने ठरवलं, शेजारचा आनंदा मान हलवेल तेव्हा आपणही हलवायची. आनंदा परभणीकडचा, मुळात अबोल आणि विश्वासू माणूस. त्याची मान बरोबरच हलणार.

पहिल्या दिवशी मॅडमनी जोड्या लावल्या. एकाने पाच मिनिटं मनातलं बोलायचं, दुसऱ्याने मध्ये तोंड न घालता ऐकायचं, मग उलट. लोटूसमोर आनंदाच आला. आनंदा खाली बघत काहीतरी पुटपुटत राहिला आणि लोटू त्याच्याकडे डोळ्यांची पापणी न हलवता बघत राहिला. मग लोटू बोलला. काय बोलावं सुचेना म्हणून त्याने गावाकडच्या म्हशींची नावं एकामागून एक घेतली, आणि आनंदाने तीही तितक्याच भक्तिभावाने ऐकली. आजूबाजूच्या जोड्यांत कोणी जांभई देत होतं, कोणी मोबाइल चाळत होतं. मॅडमनी टाळ्या वाजवून सगळ्यांना थांबवलं आणि या दोघांकडे बोट दाखवलं. ऐकणं असं असतं, त्या माइकवर म्हणाल्या. समोरच्याने काय सांगितलं ते कोणी विचारायचं नाही, ते विश्वासाचं आहे, असंही म्हणाल्या. हे लोटूला नंतर चेतनने सांगितलं, तेही तोंडात घास असताना, म्हणून दोनदा.

दुसऱ्या दिवशी मात्र मूठ उघडायची वेळ आली. डोळ्यांना पट्टी बांधून, सहकाऱ्याच्या आवाजामागून खुर्च्यांमधून वाट काढायची होती. लोटूचे डोळे बांधले आणि त्याचे कानही गेले, डोळेही गेले. एकटं नाक उरलं. बाहेरून लोचो या सुरती फरसाणावर पडणाऱ्या गरम तेलाचा आणि लसणाच्या चटणीचा वास येत होता, आणि लोटू त्या वासाच्या मागे निघाला. मागून चेतन "बाबा, डावीकडे!" म्हणून ओरडत होता. बाबा सरळ चालत खुर्च्या ओलांडून, दार ढकलून, पॅसेजमधून शेजारच्या हॉलमध्ये गेला. तिथे कोणाचा तरी साखरपुडा चालला होता. डोळ्यांना पट्टी बांधून, अनवाणी, हात पुढे करून कोणीतरी येतोय हे बघून मुलीच्या आत्याला वाटलं, मुलाकडच्यांचे गुरू आले. तिने त्याला पाट देऊन बसवलं, पाय धुतले, आणि ताट वाढलं. प्रियांका मॅडम शोधत आल्या तेव्हा लोटू पट्टी न सोडता दुसऱ्यांदा लोचो घेत होता.

आता या गोष्टीवरून एखाद्याला घरी पाठवतात. पण मॅडमनी हॉलमध्ये परत येऊन माइकवर सांगितलं, की बघा, खरा लीडर बाहेरच्या गोंगाटाने विचलित होत नाही, तो आतला आवाज ऐकतो. तिसऱ्या दिवशी लोटूच्या छातीवर सर्वोत्तम श्रोत्याचा बिल्ला लागला. घरी सुंदराने तो बिल्ला उलटसुलट करून पाहिला आणि ती त्याच्यासमोर उभी राहून, तोंड मोठं करून अहिराणीत म्हणाली, "तू आनि आयकाना साहेब? देवनी बी कमाल शे!" मग दोघंही पोट धरून हसले.

हसणं फार टिकलं नाही. नैमिषभाईने जिन्याखालच्या खोलीला काच लावली, एसी लावला आणि दारावर पाटी लावली, 'लिसनिंग लीडर लोटूभाई'. दुपारच्या सुट्टीत कोणीही यायचं, दार लावायचं, मन मोकळं करायचं. शनिवारी लोटूने त्याचा गोषवारा नैमिषभाईला सांगायचा.

लोकांनी रांग लावली. इतक्या वर्षांत कोणी त्यांना काय दुखतं म्हणून विचारलं नव्हतं. पण माणूस दुःख सांगतो ते खाली बघून. ओठ दिसत नाहीत, हनुवटी छातीला टेकलेली, एसी चालू. लोटू समोर बसून मान हलवायचा, मध्येच खांद्यावर हात ठेवायचा. माणसाच्या डोळ्यांत पाणी दिसलं की त्याच्याही डोळ्यांत यायचं, कारण तो निर्दय नव्हता. त्याला लाज वाटायची. सुकलाल नावाचा धुळ्याचा एक माणूस त्याच्यासमोर अर्धा तास हुंदके देऊन गेला, आणि त्याचं कोण गेलं की कोण पळालं हेही लोटूला कळलं नाही.

शनिवार आला की लोटू नैमिषभाईसमोर उभा राहायचा आणि ठोकून द्यायचा. लोक काय म्हणाले हे माहीत नव्हतं, पण शेडमध्ये काय बिघडलंय हे त्याच्याएवढं कोणाला माहीत होतं? तिसऱ्या ओळीवरचा पंखा बंद आहे, म्हणाला. पाण्याचा कूलर नुसताच गरम होतो. संडासाला कडी नाही, आत बसलेल्याला दार पायाने दाबून धरावं लागतं. नैमिषभाई वहीत लिहायचा आणि सोमवारी पंखा फिरू लागायचा. सुकलालच्या घरचं दुःख तसंच राहिलं, पण संडासाला कडी आली. गंमत अशी, की सुकलाल त्यावर खूश होता. आपण बोलायला गेलो बायकोचं आणि मास्तरने ओळखलं आपल्याला कडी पाहिजे, असं तो सगळ्यांना सांगत सुटला. महिन्याभरात शेडमध्ये हे ब्रह्मवाक्य झालं, की लोटू मास्तर तोंडचं नाही, पोटातलं ऐकतो.

मग त्याच गिऱ्हाइकाचा दुसरा फॉर्म आला. तुमच्याकडे आवाज फार आहे, कामगारांचे कान तपासा. कान खराब निघाले तर छताला फोम लावा, लूममध्ये अंतर ठेवा, प्रत्येकाला कानात घालायचे बोळे द्या. नैमिषभाईने फोमवाल्याला बोलावून मापंही घेतली. पण शेडमध्ये बातमी फिरली ती एवढीच, की ज्यांचे कान गेले त्यांना गेटवर बसवणार.

त्या दुपारी आनंदा खोलीत आला, दार लावलं आणि खाली बघून बोलू लागला. लोटूने मान हलवली. आनंदा थांबला आणि वाट बघू लागला. लोटू म्हणाला, "व्हई जाई, आनंदा, सगळं व्हई जाई." आनंदाने मान हलवली. लोटूनेही हलवली. आनंदा उठेना. मग लोटूने पुन्हा काही तरी विचारलं, आनंदाने पुन्हा मान हलवली, आणि असे दोघं जवळजवळ अर्धा तास एकमेकांना होकार देत बसले. शेवटी आनंदाने हताश होऊन, सवयीने, शेडमधला हात केला. कानाला बोट लावलं आणि मनगट झटकलं. मशीन बंद पडली म्हणून सांगताना करतात, तसं.

लोटू बघत राहिला. मग त्याने ओठ मोठे करून विचारलं, "तुले बी?"

आनंदाही ओठ मोठे करून म्हणाला, "चार वर्स झाले, मास्तर. कुणाला सांगू नका. ट्रेनिंगात तर मी तुमच्याकडं बघूनच मान हलवली."

"मी तुन्हाकडे बघीसन हलावत व्हतू!" लोटू म्हणाला.

त्या खोलीत ते दोघं हसले किती आणि रडले किती याचा हिशेब लागणार नाही. पुढच्या दोन दिवसांत लोटूने चेतनला वगळून शेडमध्ये ओळीओळीने फिरून, कानाला बोट लावून, डोळ्यांनी एकेकाला विचारलं. कोणी आधी मान फिरवली, कोणी बीमकडे बघितलं, आणि शेवटी सगळ्यांनी तेच मनगट झटकलं. कोणाचे अर्धे गेले होते, कोणाचे पाऊण, कोणाचे पुरते. तीन दिवस प्रियांका मॅडम एका बहिऱ्या हॉलला संवाद शिकवत होत्या आणि अख्ख्या हॉलने एकमेकांकडे बघून माना हलवल्या होत्या. एकटा चेतन तेवढा ऐकत होता, आणि त्याला म्हणे फार कंटाळा आला.

"मास्तर, तुम्ही लीडर," आनंदा ओठांनी म्हणाला. "काहीतरी करा, न्हाई तर एकेचाळीस स्टुलं गेटवर मावायची न्हाईत."

लोटूने केलं. तपासणीची गाडी आवारात उभी राहिली. आत काचेची छोटी खोली, खोलीत स्टूल, कानाला लावायचं यंत्र, हातात एक बटण. शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. काचेबाहेर नवागामची स्वाती नावाची मुलगी मशीनवर बसलेली. लोटू पहिला आत गेला. दोनच मिनिटांत त्याला कळलं, की शिट्टी सोडताना तिची डावी भुवई जराशी वर जाते. ज्याने आयुष्यभर चार ओळी पलीकडचे ओठ वाचले त्याला समोरची भुवई काय जड? भुवई उठली की लोटू बटण दाबायचा. स्वातीने कागद बघितला, पुन्हा बघितला आणि म्हणाली, "काका, तुमचे कान तर शाळेतल्या पोराचे आहेत."

बहिऱ्यांशी बोलायची सवय असल्याने ती ओठ स्वच्छ हलवायची. लोटूला ती आवडली, आणि तिला फसवताना वाईटही वाटलं. पण तो बाहेर येऊन म्हणाला, की माणसं घाबरतात, मी लिसनिंग लीडर आहे, मी इथेच उभा राहतो. मग तिच्या खुर्चीमागे उभं राहून तो तिच्या बोटाकडे बघायचा. बोट कळीवर पडलं की लोटू नाक खाजवायचा, आणि काचेच्या आतला माणूस बटण दाबायचा. दुपारपर्यंत त्याचं नाक लाल झालं. चेतनच्या वेळी फक्त तो पाणी प्यायला गेला, कारण पोराचे कान धडधाकट होते, त्याला मदत कशाला?

संध्याकाळी निकाल आला. एकेचाळीस माणसांचे कान उत्तम. चेतन लोटू पाटील, वय बावीस, एकट्याचे कान कमी.

लोटूला आधी हसू आलं. अख्ख्या शेडमध्ये ज्याला ऐकू येतं तेवढाच नापास! तो स्वातीकडे गेला. स्वातीने कागदावरची रेघ दाखवली. रेघ सरळ जात जात शेवटाला खाली कलली होती. "बारीक आवाज जायला लागलेत याचे," ती म्हणाली. "सुरुवात अशीच होते. मी लिहिणार होते की मशीनच्या आवाजाने झालं. पण काका, तीस-तीस वर्षं तिथे उभे असलेले तुम्ही सगळे ठणठणीत. मग मशीनचा दोष कसा म्हणू? मोबाइलच्या गाण्यांनी झालं असेल, तेच लिहिलंय."

आठनऊ महिन्यांपूर्वी चेतन मोबाइलच्या दुकानात लागत होता. त्याला तिथून ओढून, इथे कायमचं काम आहे म्हणून, लोटूनेच लूमवर उभं केलं होतं.

नैमिषभाईने सगळ्यांना आवारात जमवलं. तो इतका आनंदला होता, की माइक घ्यायचंही विसरला, आणि त्यामुळे लोटूला त्याचे ओठ दिसले. आपला कारखाना आवाजाच्या बाबतीत सगळ्यात चांगला निघाला, तो म्हणाला. फोमची गरज नाही, बोळ्यांचीही नाही. उलट अंतर ठेवायला म्हणून जी जागा सोडणार होतो, तिथे आणखी चोवीस लूम बसवू. नव्या लूमवर तरुण पोरं, चेतन सगळ्यात पुढे. फक्त मोबाइल जरा कमी, काय चेतन? चाळीस माणसांनी मान हलवली. चेतननेही हलवली, आणि मोबाइल खिशातून काढून अपराध्यासारखा बापाकडे दिला.

लोटू पुढे गेला. त्याला सुकदेव मास्तर आठवला, स्टूल आठवलं, सगळं आठवलं. "शेठ," तो हिंदीत ओरडला, कारण स्वतःचा आवाज किती मोठा हे त्याला कळत नसे, "मुझे सुनाई नहीं देता! छह साल से कुछ सुनाई नहीं देता!"

नैमिषभाईचे डोळे भरून आले. त्याने लोटूचे दोन्ही हात हातात घेतले आणि सगळ्यांकडे वळून म्हणाला, की ही बघा नम्रता. जो सगळ्यात जास्त ऐकतो तोच म्हणतो, मला अजून ऐकता येत नाही. "लोटूभाई, तमे तो भगवान जेवा छो!" त्याने टाळ्या वाजवल्या. त्याच्याकडे बघून पुढच्या ओळीने वाजवल्या, पुढच्या ओळीकडे बघून मागच्या ओळीने. लोटूने पुन्हा सांगितलं. पुन्हा टाळ्या झाल्या. संताप येऊन त्याने छातीवरचा बिल्ला उपटून नैमिषभाईच्या हातात दिला, तर नैमिषभाईने तो आदराने कपाळाला लावला.

मग लोटू वळला आणि तरातरा गाडीकडे निघाला. स्वाती वायरी गुंडाळत होती. नैमिषभाई, चेतन, आनंदा आणि मागून सगळी शेड काय झालं म्हणून आली. लोटू काचेच्या खोलीत शिरला, त्याने स्टूल फिरवून भिंतीकडे केलं आणि काचेकडे पाठ करून बसला. कानाला यंत्र लावलं, बटण हातात घेतलं.

"आते लाव," तो मान न वळवता म्हणाला. "तुन्हाकडे पाठ करीसन बठनू मी. आते लाव, बाई."

समोरच्या भिंतीला राखाडी फोम होता, बारीक बारीक भोकांचा. हाच तो फोम, आपल्या छताला लागणार होता तो, असं लोटूच्या मनात आलं. त्याने अंगठा बटणावर ठेवला आणि तो शिट्टीची वाट बघू लागला. खरं सांगायचं तर त्याला अजून थोडी आशा होती. एखादी तरी येईल, लांबून, पुसट. तळपायांनी त्याने गाडीची फळी चाचपून पाहिली, पण गाडी बंद होती, पायांनाही काही सांगता येईना. अंगठ्याला घाम आला, तो त्याने शर्टाला पुसला आणि पुन्हा बटणावर ठेवला. बराच वेळ गेला. पोरगी चहाला गेली की काय, असं त्याला वाटलं.

"ओ बाई," तो भिंतीला ओरडला, "चालू कर ना आते!"

काहीच झालं नाही, म्हणून शेवटी तो वळला. काचेपलीकडे स्वाती कागद घेऊन उभी होती. कागदावर एकही खूण नव्हती. दारात नैमिषभाई होता, आणि त्याच्या तोंडाचा आकार अजून हाक मारतानाचा होता, लोटूभाई म्हणतानाचा. किती हाका मारून झाल्या होत्या कोण जाणे. चेतन त्याच्या बाजूला उभा होता आणि बापाकडे असं बघत होता, जसं त्याने आजवर कधी बघितलं नव्हतं.

स्वातीने ओठ सावकाश, मोठे करून सांगितलं, "काका, संपलं. कधीच संपलं."

लोटू खाली उतरला. नैमिषभाई काही बोलायला पुढे झाला, तेवढ्यात त्याला बाजूला सारून आनंदा गाडीत चढला. त्याने स्टूल सरळ केलं नाही. तो तसाच, भिंतीकडे तोंड करून बसला, आणि त्याच्यामागे रांग लागली.